मामा म्हणाले, चपला इथंच काढा

कोकणातल्या त्या कोळीवाड्याचं नाव मी सांगणार नाही. तिथे आम्हाला अजून ‘चपलावाले’ म्हणतात, आणि आमच्या गटातल्या दोघांना मुलींची लग्नं जमवायची आहेत. पण ज्यांच्यामुळे हे नाव पडलं त्या सांडूमामांबद्दल गप्प बसणं मला जमायचं नाही.

मामांची आणि माझी ओळख आधी बरीच वर्षं नुसती आवाजाची होती. मी छत्रपती संभाजीनगरला पाटबंधाऱ्याच्या कचेरीत कारकून. मामा पिशोरकडच्या एका धरणावर नोकरीला. त्यांचं काम एकच. धरणाच्या भिंतीवर मोजपट्टी रंगवलेली असे. पाणी तिच्यावर कुठवर आलंय ते रोज पहाटे वाचायचं आणि आठ वाजता मला फोनवर सांगायचं. आठ म्हणजे आठ. मी त्या वेळी घरी कणीक मळत असे. फोन खांद्याने कानाशी दाबून, पिठाच्या बोटांनी कॅलेंडरच्या पाठीवर आकडा लिहायचा आणि दहाला कचेरीत जाऊन नोंदवायचा, असा माझा संसार आणि नोकरी एकत्रच चाले.

पहिल्याच दिवशी मी चूक केली. घाईत विचारलं, “साधारण किती आहे?”

पलीकडे एवढा वेळ शांतता, की मला वाटलं फोन कट झाला.

“मॅडम,” मामा म्हणाले, “साधारण पाणी नसतंय. पाणी एवढं असतंय, नाय तर तेवढं असतंय. साधारण माणसं असतेत.”

मी निमूटपणे सेंटिमीटरपर्यंत आकडा लिहून घेतला. त्यानंतर ‘साधारण’ हा शब्द मी भाजीवाल्याशी बोलतानासुद्धा जपून वापरते.

एकतीस वर्षांत मामांचा एक दिवस चुकला नाही. मुलाच्या हळदीच्या दिवशी पिवळ्या हातांनी धरणावर जाऊन आले. आणि हे नुसतं नोकरीपुरतं नव्हतं. दिवाळीनंतर धरणाचं पाणी उतरायला लागतं तशी पोटातली काळी जमीन उघडी पडते, आणि आजूबाजूचे लोक तीत हरभरा, गहू पेरतात. किती खालपर्यंत पेरायचं हा मोठा जुगार असतो. लोभाने चार ओळी जास्त पेरल्या आणि पाणी परत चढलं, की बियाणं बुडालं. तर हे सगळे लोक मामांना बोलवायचे. मामा काठाकाठाने चालायचे, वाकून माती चिमटीत घ्यायचे आणि काठी रोवून म्हणायचे, “हितवर पेरा.” त्या काठीच्या आत पेरलेला एक दाणा कधी बुडाला नाही.

झालं. त्यामुळे मामांना एक आजार जडला. आपण चुकत नाही, अशी त्यांची खात्री झाली.

पाण्यात ते चुकत नसत हे खरं. बाकी सगळ्यात ते आमच्यातुमच्याइतकेच चुकत. एकदा पुतण्याच्या लग्नाचं वऱ्हाड घेऊन ते सिल्लोडला भलत्याच मांडवात शिरले. पन्नास माणसं जेवली. वरण दुसऱ्यांदा वाढून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं, की नवरा आपला नाही. मामांनी शांतपणे हात धुतले, यजमानांना रामराम केला आणि बाहेर येऊन म्हणाले, “आपलं काय चुकलं नाय. आपल्या लोकांनी मांडव लांब टाकला.”

हे मला त्यांच्या बायकोनं, म्हणजे गयामामींनी सांगितलं. मामी बुटक्या, काळ्यासावळ्या, मोजकं बोलणाऱ्या. माहेर-सासर दोन्हीकडे मेंढ्या. लहानपणापासून रानोमाळ अनवाणी फिरलेल्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांच्या दोनच इच्छा उरल्या होत्या आणि त्या त्या कुणालाही, अगदी पहिल्या भेटीत सांगून टाकत.

“एक तर मला समुद्र बघायचाय. पाण्याच्या नोकरीवाल्याशी लगीन लागलं आन् पाणी बघितलं ते एकाच तळ्याचं. आन् दुसरं, ह्यांच्या तोंडून एकदा ऐकायचंय, ‘माझं चुकलं.’ दोन्हीतलं एक तरी मरायच्या आत व्हावं.”

“समुद्र व्हईल,” मामा म्हणायचे.

निवृत्त झाल्यावर मामा संभाजीनगरला मुलाकडे, हडको वसाहतीत राहायला आले आणि सकाळी आठ वाजता काय करावं हे त्यांना कळेना. मी त्यांना आमच्या रविवारच्या चालणाऱ्या मंडळींत ओढलं. आम्ही कधी गोगाबाबाच्या टेकडीवर, कधी देवगिरीच्या मागच्या डोंगरात, कधी गौताळ्याच्या जंगलात जायचो. तीन रविवारांत मामा आमचे पुढारी झाले, आणि पुढारी असून ते सगळ्यांच्या मागे चालत. “मेंढरं वळणारा मागंच असतोय. पुढं चालणाऱ्याला काय दिसतंय? रस्ता. रस्त्याला काय व्हतंय?”

परतताना ते आमची मोजणी करत, तीसुद्धा मेंढरांसारखीच. दोन झाडं किंवा दोन दगड बघून मधे वाट ठेवायची, आम्ही एकेकाने तीतून जायचं आणि मामा काठीने हवेत टिपत ‘एक जोड, दोन जोड’ म्हणणार. अजिंठ्याच्या डोंगरावरून उतरताना एकदा एक माणूस जास्त भरला. मामांना त्यात काही वावगं वाटलं नाही, मेंढरू कमी भरलं तर काळजी, जास्त भरलं तर देवाची कृपा. त्यांनी सगळ्यांना गाडीत चढवलं. सिल्लोड ओलांडल्यावर मागच्या सीटवरच्या एका गृहस्थांनी फार संकोचून विचारलं, “ही गाडी नागपूरला जाते ना?” ते नागपूरचे एक बँक अधिकारी होते. त्यांना उतरवून देताना मामा म्हणाले, “मोजणी बराबर होती. तुम्हीच जास्तीचे निघाले.”

आता समुद्र.

गेल्या माघात आम्ही एकोणीस जण मिनीबस करून कोकणात गेलो. बेत असा, की सकाळी एका गावात उतरायचं, किनाऱ्याकिनाऱ्याने आठ-दहा किलोमीटर चालायचं आणि दुपारी त्या कोळीवाड्यात जेवायचं. तिथल्या हिराबाईंना जेवणाचं सांगून ठेवलं होतं. मामी मामांसोबत आल्या. सुनेनं त्यांना गुलाबी रंगाचे बूट घेऊन दिले होते, जन्मातले पहिले. निघायच्या आधी आठ दिवस त्या घरात ते घालून फिरत होत्या. देवपूजेपुरते काढायच्या.

समुद्र दिसला तेव्हा मामी मान वळवत या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिल्या. माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी मामांकडे वळून विचारलं, “ह्याची पट्टी कुठं लावलीय?”

हा प्रश्न मामांना लागला. एवढं पाणी आणि त्याला पट्टी नाही! तास-दीड तास आम्ही ओल्या वाळूवरून चालत होतो, लाटांशी खेळत होतो, आणि मामा मागून पाण्याकडे संशयाने बघत येत होते. साडेनऊच्या सुमारास एका मोठ्या काळ्या खडकाशी ते थांबले. समुद्र लांब आत गेलेला. खडकावर माणसाच्या छातीइतक्या उंचीवर एक रेघ, खाली शेवाळ, वर कोरडा दगड. मामांचा चेहरा उजळला. पट्टी सापडली होती.

“हे बघा,” त्यांनी काठी रेघेवर टेकवली. “ही रेघ म्हंजी भरलेलं तळं. दिवाळीला पाणी हितवर होतं. आता माघ लागला. केवढं उतरलं बघा. आता मिरगापर्यंत वर येत नाय.”

मग समोरच्या टोकावरचं देवीचं छोटं देऊळ दाखवून म्हणाले, “ते बघून येऊ. चपला इथंच काढा. भाकरीचं गाठोडं बी ठेवा. ओझं कशाला वागवता?”

इथे मी हात जोडून सांगते, की भरती-ओहोटी आम्हाला माहीत होती. मी पाचवीत तिच्यावर टीप लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. पण ज्या माणसाने सांगितलेलं पाणी मी वर्षानुवर्षं न तपासता लिहिलं, त्याने काठी टेकवून सांगितल्यावर माझा हात आपोआप सँडलच्या पट्ट्याकडे गेला. आणि मी तर कारकून. आमच्यात सिल्लोडचे तांबोळी सर होते. तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवलेले. चंद्र, पृथ्वी आणि फुगलेल्या पाण्याची आकृती ते फळ्यावर डोळे मिटून काढत. सगळ्यात आधी बूट त्यांनी काढले.

एकोणीस जोड खडकाच्या सावलीत ओळीने लागले. शेवटी मामींचे गुलाबी बूट, मोजे नीट घडी करून आत. जाताना त्यांनी दोनदा मागे वळून बघितलं.

देवळापाशी छान वारा होता. आम्ही बसलो, गाणी म्हटली, फोटो काढले. परत निघालो तर टोकाला वळसा घालून आलेली वाळूची वाटच नाही. तिथे पाणी.

“आपण दुसऱ्या बाजूनं आलो होतो,” मामा म्हणाले.

आम्ही टेकडी चढून वरून आलो. वरून तो खडक दिसला. म्हणजे त्याचं डोकं दिसलं. आजूबाजूला पाणी, आणि पाण्यावर बरंच काही तरंगत होतं. त्यातलं एक गुलाबी होतं.

मामांनी डोळ्यांवर हात धरून किती तरी वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून, अगदी आठ वाजताच्या त्या आवाजात म्हणाले, “मॅडम, कचेरीला फोन लावा. विसर्ग चालू हाय का इचारा. कुणी तरी वरून पाणी सोडलंय.”

“मामा, हा समुद्र आहे.”

“मग? समुद्राला वर काय नसतंय का?”

आम्ही अठराही जणांनी खरोखर समुद्राच्या वरच्या बाजूला बघितलं.

“मामा,” तांबोळी सर हळूच म्हणाले, “ऊपर तो अरबस्तान है. उनों कायकू पानी छोडेंगे?”

मग मात्र सगळे हसत सुटलो. मला पोटात कळ येऊन खाली बसावं लागलं. सरांना कुणी तरी विचारलं, “सर, तुम्ही तरी सांगायचं!” तर ते म्हणाले, “तीस साल पढाया मैंने. पण ते पुस्तकात होतं हो. हे तर पाण्यात निघालं.”

दोघं हसले नाहीत. मामा आणि मामी.

गावापर्यंत चार किलोमीटर उरले होते. दुपारची वाळू, मग जांभ्या दगडाची वाट, मधे कसले तरी बारीक काटे. पांढरपेशी पावलं ती. आम्ही एक पाय उचलत, दुसरा टेकवत, आईला हाका मारत चाललो. मामी तेवढ्या सरळ चालत होत्या, त्यांच्या पायांना ते जुनं होतं. पण त्या एक अक्षर बोलत नव्हत्या आणि त्याचीच जास्त भीती वाटत होती. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मामा सगळ्यांच्या पुढे चालले होते. खूप पुढे, एकटे. देवळापासून निघताना त्यांनी आमची मोजणीही केली नव्हती. मला आता हसू येईना. त्या माणसाकडे पाण्यावरच्या शब्दाशिवाय दुसरी इस्टेट नव्हती, आणि ती आमच्या चपलांबरोबर गेली होती.

कोळीवाड्याच्या तोंडाशी हिराबाई उभ्या होत्या. धिप्पाड बाई, कमरेवर हात. एकोणीस अनवाणी माणसं रांगेने येताना बघून त्यांचा आवाजच बदलला.

“देवीवरशी अनवानी आयलाव? नवस व्हता काय?”

टोकावरची ती देवी त्यांच्या गावाची. नवस असला की तिथून घरापर्यंत अनवाणी यायची त्यांची रीत. एवढ्या लांबून माणसं आपल्या देवीला अनवाणी चालली, म्हणून हिराबाई हरखून गेल्या. त्यांनी आत हाका मारल्या. दोन-तीन बायका कळशा घेऊन आल्या. पुढे मामाच होते, म्हणून पहिलं पाणी त्यांच्या पायांवर घालायला हिराबाई वाकल्या.

केवढी मोठी सुटका होती ती! नुसतं ‘व्हय’ म्हणायचं. आमच्यातलं कुणी तोंड उघडणार नव्हतं, तांबोळी सरांनी तर हातसुद्धा जोडले होते. मी मामींकडे बघितलं. मामी मामांकडे बघत होत्या. सिल्लोडच्या मांडवासकट सगळी चाळीस वर्षं त्या नजरेत होती आणि आता काय उत्तर येणार हे त्यांना पाठ असावं.

मामांनी पाय मागे घेतला.

“थांबा, बाई. नवस नाय. आमच्या चपला वाहून गेल्या. मीच काढायला लावल्या. मला वाटलं, पाणी उतरलं म्हंजी उतरलं.” ते थांबले. “चुकलं माझं.”

हिराबाई वाकल्या होत्या तशाच राहिल्या. मग म्हणाल्या, “मंग तर पाय जास्तच पोललं असतील,” आणि सगळी कळशी त्यांनी मामांच्या पायांवर ओतली.

“सर,” मामींचा आवाज आला, सकाळपासूनचा जवळजवळ पहिला. “किती वाजले?”

“दोन वाजून दहा,” सर म्हणाले.

“मॅडम, नोंद घ्या. दोन वाजून दहा मिनिटांनी म्हणले. साधारण लिहू नका.”

माझ्याकडे कागद नव्हता. मी तळहातावर पेनाने लिहिलं आणि मामींना दाखवलं. त्यांनी ते वाचलं आणि मग त्या जे हसल्या! पदर तोंडात कोंबून, भिंतीला धरून हसल्या. हिराबाईंनाही सगळी हकीकत कळली आणि अर्ध्या तासात ती गावभर झाली. आम्ही सुरमई खात असताना माणसं दारातून डोकावून, मोजून जात होती.

जेवण झाल्यावर हिराबाईंचे म्हातारे सासरे जाळं दुरुस्त करत ओट्यावर बसले होते. त्यांच्याजवळ मामा जाऊन बसले. मीही मागे बसले.

“सोपा हिसाब हाय,” म्हातारबाबा म्हणाले. “तिथीची पाऊणपट करायची. आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार. पावणेचारला भरती पुरी, मंग सुकती लागली, पानी मागं.”

मामा उठले, काठी घेऊन किनाऱ्यावर गेले आणि ती पाण्याच्या कडेला रोवून उभे राहिले. पावणेचारला पाणी काठीशी थांबलं. मग मागे सरकलं. परत येऊन त्यांनी म्हातारबाबांना हात जोडले. “बराबर हाय.”

“तुमचं पानी कंदी येतं परत?” म्हातारबाबांनी विचारलं.

“मिरगानंतर. कधी श्रावणात. कधी एखाद्या वर्षी येतच नाय.”

म्हातारबाबांचे हात जाळ्यावर थांबले. दिवसातून दोनदा ज्यांच्या दारात पाणी येऊन जातं त्यांना हे समजायला वेळ लागला. “येतच नाय? मंग तुमी काय करता?”

“रोज सकाळी बघायचं,” मामा म्हणाले. “आन् आठ वाजता फोन करायचा, की आलं नाय.”

ते फोन मीच उचललेले आहेत. पट्टीच्या तळाखाली पाणी गेलेलं असतानाही मामा जायचे, बघायचे आणि सांगायचे. मी कणीक मळत लिहायचे. तो माणूस कसं रोज सांगत असेल, हे त्या ओट्यावर बसेपर्यंत माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

निघायच्या वेळी हिराबाईंनी घरामागून एक पोतं आणून ओतलं. समुद्रातून वाहून आलेल्या स्लिपरा. सगळ्या एकेकट्या. जोड एकाचाही नाही. आम्ही त्यांतून मापं शोधली. तांबोळी सरांना एक लहान मुलाची मिळाली. मामींनी निवडून एक निळी आणि एक हिरवी घेतली, दोन्ही डाव्या पायाच्या, आणि गुलाबी बुटांचं नावही काढलं नाही. किनाऱ्यावर दोन होड्या ओढून ठेवल्या होत्या. मामा त्यांच्यामध्ये उभे राहिले. आम्ही एकेक करून त्या वाटेतून गेलो. “नऊ जोड आन् मी,” मामा म्हणाले आणि सगळ्यांच्या मागून चालायला लागले.

मामांना मी त्यानंतर बघितलं ते कार्तिकात. दोघं पिशोरला परत गेले होते, मुलाच्या घरात त्यांचा जीव रमला नाही. कचेरीच्या कामाने मी धरणावर गेले. पाणी उतरलं होतं, काळी जमीन उघडी पडली होती आणि मामा काठाने चालत होते. मागे सात-आठ शेतकरी. बांधावर मामी, पायांत निळी आणि हिरवी.

मामांनी माती चिमटीत घेतली, काठी रोवली. “हितवर पेरा,” म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “माझा अंदाज हाय. चुकू बी शकतोय.”

शेतकरी एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. एक जण घाबऱ्याघुबऱ्या म्हणाला, “मामा, असं नका बोलू बरं! आम्ही बियाणं आणून ठेवलंय. तुम्हीच असं म्हणल्यावर कुणाला इचारावं?”

मामा काठीला धरून उभे राहिले. खोटं बोलणं त्यांना आता जमणार नव्हतं.

मामी बांधावरून उतरल्या. चिखलातून पाण्याकडे चालत आल्या, काठीपाशी थांबल्या. वाकून त्यांनी पायांतली निळी काढली, हिरवी काढली, आणि दोन्ही काठीला खेटून, पाण्याकडे तोंड करून नीट ठेवल्या.

“पेरा,” म्हणाल्या. “ह्या माझ्या हितंच राहतेत.”

मग त्या अनवाणी बांधाकडे निघाल्या. मामांनी एकदा त्या स्लिपरांकडे बघितलं, एकदा पाण्याकडे, आणि काठी तिथेच सोडून मामींच्या मागून चालायला लागले.